अस्मिताची नव्वद मिनिटं

बत्तीस वर्षं मी शहराच्या बससेवेत वेळापत्रकं आखली. गाड्या वेळेवर आल्या नाहीत हा रस्त्यांचा दोष. कागदावर माझी एकही गाडी कधी उशिरा सुटलेली नाही. निवृत्तीनंतर हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं आहे की आमच्या सोसायटीतली माणसं मला जिन्यात पाहिलं की घड्याळ बघायचं टाळतात. आता मी ते वाक्य म्हणत नाही. का म्हणत नाही ते सांगायचं तर समोरच्या दारातल्या अस्मिताबद्दल सांगावं लागेल.

कर्वेनगरात आमचे फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, दारासमोर दार. अस्मिता बेचाळीस वर्षांची. ती आणि तिची आई कुसुमताई, दोघीच. लग्नाचं कुणी विचारलं तर अस्मिता म्हणायची, "दुसऱ्यांची लावते की. माझं राहून गेलं." असं म्हणून इतकी मोकळी हसायची की विचारणाराच ओशाळा व्हायचा.

पूर्वी तिची चांगली नोकरी होती. येरवड्याच्या पुढे एका काचेच्या इमारतीत बसून ती अकरा वर्षं जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारी जर्मनमधून ऐकून घेत होती. एका सोमवारी गेली तर गळ्यातलं कार्ड लावून दार उघडेना. साठ माणसांचा अख्खा विभाग शुक्रवारीच बंद झाला होता, आणि तसं कळवणारी मेल आत जाऊन बसल्याशिवाय वाचता येत नव्हती. अकरा वाजता ती परत आली ती थेट आमच्याकडे. डोळे कोरडे होते. म्हणाली, "काका, यापुढे कुठल्याही एकाच्या भरवशावर राहायचं नाही. मी चार कामं करणार. एक गेलं तर तीन उरली पाहिजेत."

आणि तिनं खरंच चार उभी केली. जर्मन तर येतच होतं, त्याच्या शिकवण्या सुरू केल्या. वर्षभर शिकून ती पौरोहित्य करायला लागली. पुण्यात बायका पूजा सांगतात, लग्नं लावतात, त्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. मंत्र म्हणून झाला की ती त्याचा अर्थ मराठीत सांगायची, आणि तेवढ्यासाठी लोक तिच्या तारखा चार-चार महिने आधी धरून ठेवायचे. तिसरं काम कार्यक्रमांच्या निवेदनाचं. चौथं म्हणजे एरंडवण्यातल्या एका स्टुडिओत बसून पुस्तकं वाचायची. लोक हल्ली पुस्तकं ऐकतात म्हणे.

ही चार कामं वर्षात बसवायला मी तिला मदत केली. मदत कसली, मी त्या कागदावर तुटून पडलो. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा रेकॉर्डिंग. दिवाळीपासून निवेदनं. उन्हाळ्यात मुहूर्त. जर्मन बारा महिने. इतकं सुबक वेळापत्रक मी नोकरीतसुद्धा आखलं नव्हतं. पाच वर्षं ते बिनतक्रार चाललं. आम्हा दोन हुशार माणसांना त्यातली एकच गोष्ट दिसली नाही. ती चारही कामं बोलण्याची होती. तिनं चार कामं मिळवली ती जपून राहण्यासाठी, आणि चारही एकाच गळ्यावर टांगून ठेवली.

कुसुमताईंविषयी सांगायचं राहिलं. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. काचबिंदूनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. पंचाहत्तरीला आल्या तेव्हा खिडकी कुठं आहे एवढंच त्यांना उजेडावरून कळायचं. पण त्यांना जगातलं सगळं ठाऊक असायचं, कारण संध्याकाळी अस्मिता घरी आली की तासभर आईला दिवस सांगत बसायची. नवरी काय नेसली होती, मुलाकडचे कशावरून रुसले, सोवळं नेसलेला यजमान मधेच फोनवर कुणाला शिव्या देत होता. आमच्या दारापर्यंत कुसुमताईंचं हसू ऐकू यायचं. शैला, माझी बायको, टीव्हीचा आवाज मुद्दाम कमी करायची.

यंदाच्या जानेवारीत एका कार्यक्रमात पाहुण्यांची ओळख करून देता देता अस्मिताचा आवाज वाक्याच्या मधेच गेला. डॉक्टरबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. पंधरा दिवस कडकडीत मौन. त्यानंतर तीन महिने दिवसाला फक्त दीड तास बोलायचं, त्यात घरचं-दारचं सगळं आलं. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. हे पाळलं तर गाठी आपोआप जातील. नाही पाळलं तर ऑपरेशन, आणि त्यानंतर हाच आवाज राहील याची खात्री कुणी देणार नाही.

मौन संपायच्या आदल्या दिवशी अस्मिता पाटी घेऊन आमच्याकडे आली. पाटीवर लिहिलं होतं, 'काका, नव्वद मिनिटं. बसवून द्या.'

खरं सांगतो, मला आनंद झाला. पुन्हा कुणाला तरी माझी गरज होती. मी पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि तासाभरात नव्वद मिनिटं बसवली. जर्मनला चाळीस, बाकीचं फळ्यावर लिहून. रेकॉर्डिंगला पंचवीस. पूजा असेल तर मंत्र तिच्या जोडीदारीण शर्मिलाबाई म्हणतील, अस्मितानं फक्त अर्थ सांगायचा, पंचवीस. निवेदन असेल त्या दिवशी जर्मन बंद. बेरीज बरोबर नव्वद. एकही काम सोडायला लागलं नाही.

शैलानं कागद वाचला. म्हणाली, "आणि कुसुमताई?"

"तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "घरातल्या घरात काय बोलायचं असतं एवढं?"

"त्यांना पाटी दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"हाताला स्पर्श करून सांगता येतं."

"वा," शैला म्हणाली. "सगळ्यांना जागा दिलीत, घरच्या बाईला तेवढं खाली उतरवलंत."

मी तिच्यावर चिडलो. ती बरोबर बोलली की मी चिडतो, हे चाळीस वर्षं चालू आहे.

कुसुमताईंना मी स्वतः जाऊन समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो श्रीधरराव, मी जन्मभर वर्गाला गप्प बसा, गप्प बसा म्हणत आले. एक मुलगी खरंच गप्प बसली तर तक्रार कसली करू?" माझ्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी ते मुद्दाम उतरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग त्या घरात खुणा सुरू झाल्या. आईच्या हातावर बोटानं एकदा टिचकी म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे बाहेर जातेय. सकाळी दहा ते अकरा मी कुसुमताईंना पेपर वाचून दाखवायचो. दोन-तीन दिवसांनी त्या म्हणाल्या, "राग मानू नका, पण तुम्ही बातमीसुद्धा थांब्यांची नावं वाचल्यासारखी वाचता." मी राग मानला नाही. मला तसंच वाचता येतं.

महिनाभरात कुसुमताई बदलल्या. घरात अस्मिता आहे की नाही हेच त्यांना समजेना. अनवाणी चालणारी मुलगी, न बोलता आली काय नि गेली काय. दुपारी आमचं दार उघडं असलं की ऐकू यायचं, "अस्मिता, आहेस का गं?" थोडा वेळ गेला की पुन्हा, "आहेस का?" आणि मला माहीत असायचं की अस्मिता स्टुडिओत आहे. मी उठून जायचो, "मी आहे, कुसुमताई," म्हणायचो. त्या "बरं बरं" म्हणायच्या, पण तसं म्हणताना तोंड दुसरीकडे फिरवायच्या.

एके दिवशी त्यांनी अस्मिताला काचेच्या बांगड्या घालायला सांगितल्या. अस्मिता एरवी हातात घड्याळाशिवाय काही घालत नसे. तिनं दोन्ही हात भरून बांगड्या घातल्या आणि घरभर त्या वाजवत हिंडायला लागली. शैलानं ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

आणखी एक गोष्ट. कुसुमताईंच्या खोलीतून रोज दुपारी अस्मिताचा आवाज यायला लागला. मी दचकलो, माझ्या वेळापत्रकात दुपारी घरात बोलायला एकही मिनिट नव्हतं. जाऊन पाहिलं तर कुसुमताई फोन कानाशी धरून बसल्या होत्या. अस्मितानं वाचलेलं पुस्तक लावलं होतं. मधुमेहींनी काय खावं, यावरचं.

"कुसुमताई, तुम्हाला कुठाय मधुमेह?"

"नाही हो. पण यातलं मेथीच्या दाण्यांचं प्रकरण ती फार छान वाचते."

मला तिथंच कळायला हवं होतं. एक म्हातारी बाई मुलीचा आवाज ऐकण्यासाठी मेथीचे दाणे ऐकत बसली होती आणि मी घरी येऊन शैलाला हे गंमत म्हणून सांगितलं. शैला हसली नाही.

अस्मिताला कळत नव्हतं असं नाही. मार्चमध्ये एकदा तिनं पाटीवर लिहून विचारलं, 'जर्मनमधली दहा आईला देऊ का?' मुलांच्या तोंडी परीक्षा महिन्यावर होत्या. मी म्हणालो, "परीक्षा होऊ देत. मग दहा काय, वीस दे." तिनं पाटी पुसली. आता आठवतं, पुसायला तिनं बराच वेळ घेतला.

एप्रिलच्या मध्यावर कुसुमताईंना ताप आला, खोकला वाढला, आणि दोन दिवसांत न्यूमोनिया म्हणून त्यांना आयसीयूत ठेवावं लागलं. भेटायची वेळ सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पाच ते सहा, एका वेळी एकच माणूस. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तब्येत स्थिर आहे. आणि तिसऱ्या दिवशी वाघोलीला लग्न होतं.

ते लग्न गेनबा नावाच्या एका म्हाताऱ्या बागाइतदाराच्या नातीचं, ऋतुजाचं. तारीख डिसेंबरात धरलेली. शर्मिलाबाई एकट्या मंत्र म्हणू शकत होत्या, पण गेनबांना अर्थ हवा होता, आणि अर्थ अस्मिताचा हवा होता. तिनं पाटीवर लिहिलं, 'जाऊ का नको?'

मी घड्याळाकडे पाहिलं, हे मला स्पष्ट आठवतं. "मुहूर्त बारा वीसचा. दोनला मोकळी होशील. पाचला दवाखान्यात पोचतेस. वेळ जुळतेय की." आणि मग मला एक कल्पना सुचली. फार चांगली वाटली तेव्हा. "त्या दिवशी जर्मन नाही, रेकॉर्डिंग नाही. लग्नात तीस मिनिटांच्या वर बोलू नकोस. उरलेली साठ आईची. संध्याकाळी आईशी तासभर पोटभर बोल."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी कुसुमताईंना वेळ दिला होता. अस्मितानं माझा हात धरला. तिला इतकं आनंदलेलं मी जानेवारीपासून पाहिलं नव्हतं.

सकाळच्या अर्ध्या तासात मी आत गेलो. "कुसुमताई, आज संध्याकाळी अस्मिता तुमच्याशी बोलणार आहे. तासभर. खुणा नाहीत, तोंडानं."

ऑक्सिजनच्या मास्कमागे त्या हसल्या. "लग्नाचं नीट बघून ये म्हणावं. काही गाळू नकोस म्हणावं."

वाघोलीला काय झालं ते शर्मिलाबाईंनी नंतर सांगितलं. मुहूर्ताच्या आधी माईक बंद पडला. दुरुस्त करणारा येतो येतो म्हणत आलाच नाही. शेजारच्या लॉनवर दुसऱ्या लग्नाचा डीजे लागला होता. गेनबा हात जोडून उभे राहिले. "बाई, मागं बसलेल्यास्नी काय बी ऐकू येत न्हाई. जरा मोठ्यानं हू द्या. आमच्या पोरीला सात पावलांचा अर्थ कळाया पायजेल, म्हनून तर तुमाला बोलिवलं." ऋतुजाही तिच्याकडे बघत होती. अस्मिता मोठ्यानं बोलली. डीजेच्या वरताण बोलली, तीस मिनिटं नाही, दीड तास. शर्मिलाबाईंनी दोनदा तिचा पदर ओढला. लग्न फार सुंदर झालं, असं सगळे म्हणत होते.

पाचला दहा कमी असताना ती दवाखान्याच्या जिन्यात मला दिसली. "काका," ती म्हणाली, आणि मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय म्हणून. तो तिचा आवाज नव्हताच. जाड, खरखरीत, मधेमधे तुटणारा. तिनं माझा चेहरा पाहिला आणि गळ्यावर हात ठेवला.

आत जाण्यापूर्वी सिस्टरनी तिला बांगड्या काढायला लावल्या. आयसीयूत हातात काही चालत नाही. मी दारातच उभा राहिलो. कुसुमताईंचा हात सलाईनच्या सुईनं सुजून गच्च झाला होता, वर पट्ट्या. अस्मितानं त्या हातावर टिचकी मारली. त्यांना ती जाणवली नसावी. मग ती वाकून म्हणाली, "आई, मी."

"कोण?"

"मी अस्मिता."

कुसुमताई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "नाही हो. अस्मिताचा आवाज मला कळतो. ती यायचीय अजून."

अस्मितानं पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. अर्धा शब्द निघाला आणि उरलेली नुसती हवा. कुसुमताई घाबऱ्या झाल्या, श्वास वाढला, डोक्याशी लावलेलं यंत्र वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या. "पेशंटला बोलायला लावू नका," असं अस्मिताला म्हणाल्या आणि मला हातानं बाहेर व्हा म्हणून खुणावलं. मी उंबऱ्याबाहेर सरकलो.

मी तिथून ओरडून सांगू शकलो असतो. 'कुसुमताई, हीच अस्मिता आहे, लग्नात ओरडून आवाज बसलाय तिचा.' माझा आवाज त्या ओळखत होत्या. रोज तासभर ऐकत होत्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. मी बोललो नाही. आत्ता त्रास नको, उद्या सकाळी भेटीच्या वेळेत शांतपणे सांगू, असं मला वाटलं. मी नेहमी पुढची गाडी आहे असं धरूनच चालत आलो.

यंत्र गप्प झालं. कुसुमताईंनी चाचपडत अस्मिताचं मनगट धरलं. शाळेत शिपायाशी, साफसफाईवाल्या बाईंशी त्या ज्या आदरानं बोलत, त्याच आदरानं म्हणाल्या, "तुम्ही सिस्टर ना? मघाशी मी तुम्हाला तोडून बोलले, मनावर घेऊ नका. एक काम कराल? माझी मुलगी लांबून येईल, लग्न लावून. वेळ संपली म्हणून तिला बाहेर अडवू नका. आणि आल्याआल्या तिला बोलायला नका लावू. दमलेली असेल. आधी पाणी द्या."

अस्मितानं एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मग त्या फाटलेल्या आवाजात म्हणाली, "हो. देते."

"फार चांगल्या आहात तुम्ही," कुसुमताई म्हणाल्या आणि डोळे मिटले.

सहा वाजेपर्यंत ती तशीच बसून राहिली. बाहेर आली, भिंतीजवळच्या पिंपातून पेलाभर पाणी घेतलं, उभ्यानं सगळं प्यायली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, भेटायची वेळ व्हायच्या आधी, कुसुमताई गेल्या. मी रडलो. लोकांसमोर रडलो, आणि लोकांना वाटलं शेजाऱ्याचा जीव किती मोठा.

दिवसकार्य शर्मिलाबाईंनी केलं. अस्मिता तेव्हा महिनाभर एक शब्द बोलली नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षाही जास्त दिवस. जर्मनची मुलं सगळी पास झाली. स्टुडिओनं थांबायची तयारी दाखवली. एकही यजमान तुटला नाही.

जूनच्या शेवटी ती डॉक्टरांकडून परस्पर आमच्याकडे आली. दार शैलानं उघडलं.

"गाठी गेल्या, काका," ती म्हणाली. पूर्वीचाच आवाज, स्वच्छ, घरभर पोचणारा. "डॉक्टर म्हणाल्या, आता कितीही बोला. तुमचं वेळापत्रक बरोबर निघालं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोसला असता.

शैला चहा ठेवायला गेली. अस्मिता खुर्चीच्या कडेवर टेकली.

"आई शेवटचं त्या सिस्टरशी बोलली," ती म्हणाली. "तिला चांगली म्हणाली. काल घरात बसून मी तो सिस्टरचा फाटका आवाज काढून बघितला. बराच वेळ बघितला. आता निघत नाही तो."

मी म्हणालो, "अस्मिता, मी सांगायला हवं होतं गं त्यांना. दारातूनच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगायला हवं होतं."